पार्ट ड्रॉइंगप्रमाणेच होता!

प्रति,
भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर आणि शिरोली इथले सुट्या भागांचे कारखानदार व त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

स.न.वि.वि.

तुमच्या सभांमध्ये हल्ली एकच चिंता ऐकू येते. विजेच्या गाड्या वाढल्या की पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर, क्लच प्लेट यांचं काय होणार? कोणता पार्ट जाणार, कोणता राहणार, याच्या याद्या होतात. ज्याचा पार्ट ‘राहणार’च्या यादीत, तो निर्धास्तपणे जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ब्रेकवाला खूश, बेअरिंगवाला खूश, शीट मेटलवाला तर फारच खूश. मला काळजी वाटते ती या निर्धास्त मंडळींची. हे पत्र त्यांच्यासाठीच आहे.

एक कारखाना असा होता, की त्याचा पार्ट बाजारातून कधीच गेला नाही. उलट त्याने काढलेली मूळ कल्पना आज जगातल्या बहुतेक सगळ्या डिरेलरवाल्या, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा पार्ट असलेल्या, सायकलींवर बसलेली आहे. कारखाना मात्र बंद पडला. माल वाईट म्हणून नाही, महाग म्हणून तर मुळीच नाही. त्याचं नाव सनटूर. उदाहरण सायकलीचं घेतोय म्हणून नाक मुरडू नका. सायकलीचं एक बरं असतं, सगळी यंत्रणा उघड्यावर असते. कोणाचं कुठे चुकलं हे बघायला बॉनेट उघडावं लागत नाही.

कंपनीचं मूळ नाव माएदा आयर्न वर्क्स. जपानमध्ये ओसाका प्रांतातल्या कावाचिनागानोत १९१२ मध्ये सुरू झाली. फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा मागच्या चाकावरचा दातेरी पार्ट, बनवण्यात तिचा हात बसलेला. तिथून जवळच साकाई शहर आहे. बंदुका आणि सुऱ्या घडवणाऱ्या लोहारांचं ते जुनं गाव, सायकली आल्यावर तिथले कारागीर सायकलीच्या पार्टकडे वळले. १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी साकाईत कारखाना काढला आणि सुरुवात केली तीही फ्रीव्हीलनेच. माएदाच्या फ्रीव्हीलवर ‘८.८.८.’ असा छाप असे, शिमानोच्या फ्रीव्हीलवर ‘३.३.३.’. पुढे आयुष्यभर एकमेकांशी झुंजलेले हे दोन गडी असे एकाच तालमीतले होते. दोघांकडे तीच माती, तसेच कारागीर आणि तेच चलन होतं. म्हणून मला ही गोष्ट उपयोगाची वाटते. ‘त्यांचं बरं आहे हो, त्यांच्याकडे सरकार मदत करतं’ असं म्हणून इथे सुटता येत नाही.

१९६४ मध्ये माएदाच्या नोबुओ ओझाकी या अभियंत्याने मागच्या डिरेलरमध्ये एक बदल केला. तो काय होता ते नीट समजून घ्या, तुम्हाला आवडेल. गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकावर लहानमोठी स्प्रॉकेटं, म्हणजे दातेरी चकत्या, शेजारी शेजारी बसवलेली असतात. सर्वांत मोठं स्पोकच्या बाजूला, सर्वांत लहान बाहेर. म्हणजे बाजूने पाहिलं तर तो उतार असतो. डिरेलरची पुली चेनला एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर ढकलते. त्या काळचे युरोपी डिरेलर पुलीला ॲक्सलच्या समांतर, सरळ आडवी सरकवत. त्यामुळे मोठ्या स्प्रॉकेटपाशी पुली जवळ असायची आणि लहानापाशी लांब पडायची. मधे चेनचा लांब तुकडा मोकळा राहिला, की तो वाकतो आणि गिअर कधी पडेल याचा भरवसा राहत नाही. ओझाकीने ज्या चार दांड्यांवर पुली सरकते तो समांतरभुज चौकोनच तिरका केला. आता पुली आत जाताना खालीही जाऊ लागली, स्प्रॉकेटांच्या उताराशी अंतर राखत. चेनचा मोकळा तुकडा सगळीकडे जवळपास सारखा आणि आखूड. जास्तीचा एक पार्ट नाही, महागडं मटेरियल नाही. नुसता कोन बदलला. ड्रॉइंग बोर्डवर आयुष्य काढलेल्या माणसाला असं काही पाहिलं की हेवा वाटतो.

याचं पेटंट घेतलं गेलं. वीस वर्षं दुसऱ्या कोणाला हा तिरका चौकोन वापरता येईना.

मग अमेरिकेत सायकलींची लाट आली. १९७३ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. दहा गिअरची रेसिंग धाटणीची सायकल घेणं ही तिथल्या तरुणांची फॅशन झाली. युरोपातल्या कारखान्यांना मागणी पुरवता येईना. त्यांच्या मधल्या किमतीच्या सायकलींवर सिंप्लेक्स आणि ह्युरे या फ्रेंच कंपन्यांचे डिरेलर असायचे. सिंप्लेक्सचा तर प्लॅस्टिकचा, आणि तो काही वर्षांत खुळखुळा व्हायचा. अमेरिकन दुकानदारांना एक सोपा उपाय सापडला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की फ्रेंच डिरेलर काढायचा आणि सनटूरचा लावायचा. निम्न किमतीचा सनटूर उच्च किमतीच्या युरोपी डिरेलरपेक्षा चांगला चालायचा, हे तिथल्या मेकॅनिकांचं नुसतं मत नव्हतं, रोजचा अनुभव होता. कंपनीचे रॅचेटचे गिअर लिव्हरही तसेच. हँडलच्या टोकाला बसणारे त्यांचे लिव्हर लांबच्या सफरी करणारे लोक आजही जुन्या बाजारात शोधत असतात.

तुमच्या भाषेत सांगायचं तर सनटूर म्हणजे सगळ्यांचा आवडता ‘ए-ग्रेड व्हेंडर’. मालाची तक्रार नाही, भाव कमी, डिझाइन स्वतःचं, वर पेटंट. यापेक्षा काय हवं? मलाही विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, हा कारखाना शंभर वर्षं चालेल.

या वीस वर्षांत शिमानो काय करत होती? तिरका चौकोन वापरायला बंदी, त्यामुळे डिरेलरमध्ये ती मागेच राहणार होती. म्हणून तिला दुसरीकडे डोकं चालवावं लागलं. कोल्ड फोर्जिंगचं तंत्र तिने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आत्मसात केलं होतं. १९७३ मध्ये सिंगापूरला कारखाना उभा केला. ७०च्या दशकात पॉझिट्रॉन नावाची गिअर पद्धत आणली, तीत गिअरचे खटके डिरेलरमध्येच होते. ती स्वस्त सायकलींपुरती राहिली, शौकिनांनी तिला हिंग लावून विचारलं नाही. दशकाच्या अखेरीस फ्रीहब आणलं. फ्रीव्हीलची यंत्रणा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत घेतली, बेअरिंग बाहेरच्या टोकाला गेलं आणि ॲक्सल वाकायचं प्रमाण कमी झालं. ही मोठी गोष्ट होती, पण ती मोठी आहे हे तेव्हा फार लोकांना कळलं नाही. मग १९८०च्या आसपास ‘एएक्स’ नावाची वारा कापणारी मालिका आणली आणि ती सपशेल आपटली.

सनटूरच्या जागी बसून बघा. शेजारचा प्रतिस्पर्धी एकामागून एक विचित्र गोष्टी काढतोय, त्यातल्या निम्म्या पडतायत आणि आपला डिरेलर मात्र हातोहात खपतोय. कोण कशाला झोप उडवून घेईल? पण शिमानोचे लोक प्रत्येक फसलेल्या मालिकेतून एकच गोष्ट शिकत होते: लिव्हरपासून स्प्रॉकेटच्या दातापर्यंत सगळा रस्ता आपल्याच हातात असेल तर काय करता येतं. ते प्रयोग कंपनीला परवडत होते, हेही खरं. शिमानो शेअर बाजारात उतरली होती, मासेमारीच्या साधनांचा दुसरा धंदा तिने उभा केला होता. तिचा हिशेब एका पार्टच्या नफ्यावर अडलेला नव्हता.

१९८४ मध्ये पेटंटची मुदत संपत आली आणि त्याच सुमारास शिमानोने ड्युरा-एस ७४०० ही मालिका आणली. तीत सनटूरचा तिरका चौकोन होता. वरच्या बिजागरीला स्प्रिंग द्यायची फ्रेंचांची जुनी युक्तीही होती. आणि लिव्हरला खटके होते. एक खटका म्हणजे एक गिअर. त्याआधी गिअर कानाने आणि बोटांनी शोधावा लागायचा, लिव्हर थोडा ओढायचा, चेन खरखरली की थोडा मागे. मुरलेल्या सायकलस्वाराला त्यात मजा यायची. नव्या माणसाला मात्र त्याची धास्ती असायची. आता कोणीही उठावं, खटका दाबावा, गिअर पडला. आधी महागड्या रेसिंग सायकलींवर आलेली ही पद्धत पुढच्या दोन-तीन वर्षांत मधल्या किमतीपर्यंत उतरली. दुकानात गिऱ्हाईक एक फेरी मारून यायचं आणि निर्णय झालेला असायचा.

इथे जरा थांबतो, कारण तुमच्या कामाचा भाग हाच आहे.

खटक्याचा गिअर म्हणजे टॉलरन्सची, मापात चालवून घेतलेल्या फरकांची, बेरीज. लिव्हर एका खटक्याला ठरावीक लांबीची वायर ओढतो. ती वायर ताणली जाते. तिचं बाहेरचं आवरण दाबलं जातं. डिरेलरच्या प्रत्येक बिजागरीत थोडी ढिलाई असते. चेन आडवी किती वाकते हे चेनच्या बनावटीवर ठरतं. दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर, दातांचा आकार, डिरेलर लटकवायच्या हुकाचा कोन. यातला प्रत्येक पार्ट स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये अगदी बरोबर असू शकतो, आणि सगळे मिळून गिअर चुकवू शकतात. शिमानोने काय केलं? ही सगळी साखळी एकत्र धरून डिझाइन केली. डिरेलरच्या वरच्या पुलीला तर आडवी थोडी ढील त्यांनी मुद्दामच दिली. म्हणजे बाकीच्या पार्टमधून उरलेली चूक ती पुली स्वतः सावरून घेते, चेन आपोआप स्प्रॉकेटखाली येते. नुसती पुली बनवणाऱ्याला तुम्ही सांगा, की या पार्टमध्ये खेळ ठेव. तो म्हणेल, साहेब, रिजेक्शन येईल. ढील देणं हे डिझाइन आहे, हे समजायला पुलीच्या पलीकडचं सगळं दिसावं लागतं.

सनटूरचं उत्तर दोनेक वर्षांनी आलं. नाव ॲक्युशिफ्ट. कागदावर त्यात काही वावगं नव्हतं. सनटूरचा लिव्हर, सनटूरचा डिरेलर, सनटूरचंच फ्रीव्हील आणि योग्य चेन असं सगळं जुळून आलं तर ते बऱ्यापैकी चालायचंही. पण त्यांच्या फ्रीव्हीलवर स्प्रॉकेटांमधली अंतरं सगळीकडे सारखी नव्हती, लिव्हरचे खटके त्या अंतरांना बेतलेले. म्हणजे दुसऱ्याचं फ्रीव्हील लावलं की खेळ खलास.

आणि दुसऱ्याचं फ्रीव्हील लावलं जाणार, हे तर ठरलेलंच होतं! सायकल कंपन्यांच्या परचेस खात्याला सनटूरकडून काय घ्यायची सवय होती? सुटा पार्ट. डिरेलर याचा, चेन त्याची, वायर जिथे दोन सेंट कमी पडतील तिथली. वीस वर्षं सनटूरने त्यांना हेच शिकवलं होतं, आमचा पार्ट कशाबरोबरही लावा, चालेल. साध्या लिव्हरच्या काळात ते खरंही होतं, कारण उरलेली चूक स्वाराची बोटं भरून काढत होती. खटके आले आणि बोटांचं काम संपलं. आता स्वस्त चेन आणि लिबलिबीत आवरण लावलेली सायकल दुकानात आली की गिअर अडकायचा. लिव्हरवर नाव कोणाचं? सनटूरचं. चेनवाल्याचं नाव गिऱ्हाइकाला माहीतही नसायचं. शिमानोने मात्र सायकल कंपन्यांना सुरुवातीपासून बजावलं होतं, चालवायचं असेल तर संच पूर्ण घ्या.

‘साहेब, पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये टाकलेलं आहे. बहुतेक वेळा ते खरंच असतं. डेबिट नोट (मालाचे पैसे कापल्याची चिठ्ठी) टाळायला ते पुरतं. सनटूरच्या बाबतीतही ते बऱ्याच अंशी खरं होतं. आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकाने ड्रॉइंग पाहिलेलं नसतं.

आता भावाबद्दल. यावर माझं मत तुमच्यातल्या अनेकांना पटणार नाही. सनटूरचा अभिमान काय, तर उत्तम माल कमी भावात. ऐकायला छान वाटतं. पण पेटंट हातात असताना, जगात दुसरा कोणी ती वस्तू बनवू शकत नसताना, या लोकांनी भाव कमी ठेवला. त्यामुळे चांगल्या वर्षांतला पैसा प्रयोगशाळेत, मशीनमध्ये, परदेशातल्या कारखान्यात जेवढा जायला हवा होता तेवढा गेला नाही. ‘कॉस्ट-डाउन’, म्हणजे भावात कपात, दिला की ऑर्डर टिकते, हे आपण दरवर्षी एप्रिलमध्ये स्वतःला समजावतो. सनटूरने तर ते कोणी न मागता दिलं होतं.

मग सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवायचं ठरवलं. डॉलरला सुमारे २४० येन मिळायचे, वर्षभरात १५५ च्या आसपास मिळू लागले. अमेरिकेत डॉलरमध्ये माल विकणाऱ्या जपानी कारखान्याचा एक-तृतीयांश महसूल असा बसल्या जागी गेला. नफ्याची पट्टी आधीच अरुंद असलेल्याने काय करायचं? भाव वाढवला तर स्वस्त मालाची ओळख जाते, नाही वाढवला तर पगार निघत नाहीत. येन शिमानोसाठीही तेवढाच महाग झाला होता. पण तिचा सिंगापूरचा कारखाना होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिचे खटके चालत होते. तिने भाव वाढवला तरी सायकल कंपन्यांना दुसरीकडे जाता येत नव्हतं.

सनटूरची बुद्धी आटली होती, असं मात्र कोणी समजू नये. डोंगरात चालवायच्या सायकली कॅलिफोर्नियात जन्मल्या तेव्हा सनटूर त्यांच्यासाठी पार्ट बनवणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी होती. तिथेही एक फटका बसला. माउनटेक नावाच्या डिरेलरमध्ये स्प्रिंग पुलीच्या पोटात बसवली होती, धूळ-चिखलात ती व्यवस्था लवकर दमायची. पण त्यानंतरही अमेरिकन डोंगरस्वारांच्या कल्पना घेऊन तिने रोलर कॅम ब्रेक बनवले. बेअरिंग न उघडता बाहेरून ग्रीस भरायची सोय केलेले हब आणि पेडल बनवले, चिखलात सायकल घालणाऱ्याला याची किंमत कळते. १९९० च्या सुमाराला पुढची स्प्रॉकेटं लहान करून सगळी यंत्रणा हलकी करणारी ‘मायक्रोड्राइव्ह’ आणली. थोड्याच काळात शिमानोही लहान स्प्रॉकेटांवर आली आणि तोच रिवाज झाला. कल्पना सनटूरची आणि बाजार दुसऱ्याचा, असं दुसऱ्यांदा झालं.

शेवटचा भाग थोडक्यात. १९८८ मध्ये ओसाकाच्याच मोरी इंडस्ट्रीज या पोलादी नळ्या बनवणाऱ्या कंपनीने माएदा घेतली. क्रँक (पेडलची दांडी) आणि हँडल बनवणारी साकाए रिंग्यो हीसुद्धा घेतली आणि दोघींची मोट बांधून एसआर सनटूर केली. उत्पादन तैवानला गेलं. ९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानमधलं गिअरचं काम थांबलं. तैवानमधल्या लोकांनी नाव आणि धंदा पुढे चालवला. आज पुण्याच्या कुठल्याही सायकल दुकानात जा, पुढे स्प्रिंगचा फोर्क असलेल्या सायकलींमध्ये ‘एसआर सनटूर’ असं लिहिलेला फोर्क दिसेलच. आणि त्याच सायकलीच्या मागच्या चाकापाशी वाकून बघा, तिरक्या चौकोनाचा डिरेलर दिसेल. त्यावर बहुतेक वेळा शिमानोचं नाव असतं.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. शिमानोने दांडगाई केली नाही का? पूर्ण संच घेणाऱ्या सायकल कंपन्यांना ती दहा टक्के सूट देते आणि त्यामुळे सुटा पार्ट बनवणाऱ्याला दारच बंद होतं, अशी तक्रार घेऊन शिकागोची स्रॅम ही छोटी कंपनी १९९० मध्ये कोर्टात गेली. पुढच्याच वर्षी प्रकरण तडजोडीने मिटलं. तेव्हा दांडगाईचा आरोप हवेतला नाही. मोठा खेळाडू दार अडवतो, हे तुम्हाला मी कशाला सांगायला हवं?

पण याच स्रॅमकडे जरा नीट बघा. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीकडे एकच पार्ट होता, हँडलची मूठ पिळून गिअर बदलायचा लिव्हर. म्हणजे सनटूरपेक्षाही गरीब अवस्था. तिने तो लिव्हर शिमानोच्या डिरेलरबरोबर चालेल असा बनवला. समोरच्याची सगळी यंत्रणा अभ्यासून त्यात आपला एक पार्ट बिनतक्रार बसवला. त्यावर पैसा आणि पाय रोवायला जागा मिळाल्यावर १९९७ मध्ये जर्मनीच्या साक्स कंपनीचा सायकल विभाग घेतला, पुढे फोर्क बनवणारी रॉकशॉक्स घेतली, ब्रेक बनवणारी ॲव्हिड घेतली, क्रँक बनवणारी ट्रुव्हेटिव्ह घेतली. आज शिमानोच्या बरोबरीने पूर्ण संच विकणारं नाव म्हणून तिच्याकडे बोट दाखवतात. कोर्टात जाऊन ती थांबली नाही, हा माझा मुद्दा.

आता तुमच्याकडचा नेहमीचा उपाय. ‘आपण लहान आहोत, तर एकत्र येऊ. क्लस्टर करू. कॉमन फॅसिलिटी सेंटर काढू, सरकारची योजना आहेच.’ एकत्र यायला माझा विरोध नाही. पण सनटूर एकत्रच होती हो! तिची सुपर्ब ही सर्वांत वरची मालिका घ्या. डिरेलर माएदाचा, क्रँक सुगिनोची, ब्रेक डाया-कॉम्पचे, हब सानशिनचे. एकेक कारखाना आपापल्या कामात नावाजलेला. त्या मालिकेच्या पॉलिशवर लोक अजून जीव टाकतात. तरीही खटक्याच्या शर्यतीत हा मेळ पुरा पडला नाही. कारण माझ्या मते साधं आहे. एका छताखाली काम करणाऱ्या शिमानोमध्ये लिव्हरवाला चेनवाल्याच्या टेबलावर जाऊन म्हणू शकत होता, तुझी चेन बदल, माझा खटका चुकतोय. आणि दोघांचं पटलं नाही तर निकाल देणारा वर बसलेला होता. चार मालकांच्या मैत्रीत असा निकाल कोण देणार? प्रत्येक जण म्हणणार, माझा पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे. मग एकमेकांना चहा पाजणार, दिवाळीला मिठाईचा डबा पाठवणार, आणि गिअर तसाच अडकत राहणार.

म्हणून क्लस्टर करायचंच असेल तर आधी एक कडू गोष्ट ठरवा: कोणाला दुसऱ्याचा पार्ट नाकारायचा अधिकार असेल? सामायिक मशीन, सामायिक गोदाम, सामायिक प्रदर्शनाचा स्टॉल या गोष्टी त्यानंतरच्या. हा अधिकार ज्याला द्याल त्याच्यावर सगळे रागावणार, त्याचा पगार कोणी द्यायचा यावरून भांडणं होणार. होऊ द्या. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये तपासणीच्या सोयी आहेत, तिथे आपण आपापला पार्ट घेऊन जातो आणि सर्टिफिकेट घेऊन येतो. मी म्हणतो, कधीतरी चार जण चार पार्ट घेऊन एकाच दिवशी जा, ते एकत्र जोडा आणि मग तपासा. विजेच्या दुचाकीत मोटर, कंट्रोलर, ब्रेक, हब यांचं एकमेकांशी जे चाललेलं असतं ते १९८५ च्या खटक्यांपेक्षा किती तरी गुंतागुंतीचं आहे. तिथे जो सगळी साखळी हातात धरेल तो भाव ठरवेल. बाकीचे एप्रिलची वाट बघतील.

दुसरी मागणी छोटी आहे. आपल्या पार्टला जो पार्ट भिडतो त्याचं ड्रॉइंग मागा. ‘आम्हाला देत नाहीत’ असं तुम्ही म्हणाल. किती जणांनी लेखी मागितलंय? आपल्याकडे ड्रॉइंगचा कागद येतो, त्यातलं आपलं खोकं आपण बघतो आणि शेजारच्या खोक्याला ‘संदर्भासाठी’ लिहिलेलं असतं म्हणून ते वाचतही नाही. ज्याला ते मिळत नाही त्याने बाजारातून तो पार्ट विकत आणून मोजावा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, व्हर्नियर लागतो.

आणि ज्यांच्याकडे पेटंट आहे किंवा ज्यांच्याशिवाय अजून दुसरा व्हेंडर तयार झालेला नाही, अशा मोजक्या भाग्यवंतांना वेगळं सांगतो. ती मुदत संपायची तारीख ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवा. तोवर भाव पाडू नका. जे जास्तीचं मिळेल ते शेजारच्या पार्टमध्ये घाला, बंगल्यात नको. हे ऐकून तुमच्यातले दोघे-तिघे हसतील, ते कोण हे मला माहीत आहे.

सगळ्यांना शिमानो होता येणार नाही, हेही उघड आहे. पंचवीस कामगारांच्या शेडमध्ये कोणी पूर्ण संच बनवू शकत नाही. जॉब वर्कवर चालणाऱ्याला उद्याच्या पगाराची चिंता आधी असते आणि ती असलीच पाहिजे. अशांना माझा उपदेश नाही. माझं बोलणं आहे ते ज्यांच्याकडे स्वतःची टूलरूम आहे, दोन-तीन चांगले डिझाइनर आहेत, आणि जे ‘राहणार’च्या यादीत आपलं नाव बघून निवांत झालेत, त्यांच्याशी.

संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती करून थांबतो. पुढच्या वार्षिक सभेत अनुदानावरचं नेहमीचं भाषण या वेळी रद्द करा. त्याऐवजी प्रत्येक सभासदाला सांगा, गेल्या वर्षी परत आलेला एक पार्ट आण, ड्रॉइंगप्रमाणे असूनही परत आलेला, आणि तो ज्या पार्टला भिडतो तोही सोबत आण. दोन्ही टेबलावर ठेवा, शेजारी शेजारी. ज्याने तो दुसरा पार्ट बनवलाय तो बहुधा त्याच हॉलमध्ये बसलेला असेल. दोघांना एका टेबलावर बसवा. सभेची तारीख कळवलीत तर मी येईन, आणि त्या दिवशीच्या चहा-बिस्किटांचं बिल माझ्याकडे.

कळावे,
आपला,
टूलरूममधून निवृत्त झालेला एक सायकलवाला, पिंपरी-चिंचवड